अमेरिकेत घर घेताना सीवर लाइनची कॅमेरा तपासणी : व्हिडिओ कसा मागायचा, कसा बघायचा

पन्हाळ

जुनं घर घेणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. छप्पर, फर्नेस, वायरिंग, पाया हे होम इन्स्पेक्टर बघतो. घरातलं सांडपाणी अंगणाखालून रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपर्यंत, म्हणजे मेनपर्यंत, नेणारा पाइप (सीवर लाइन) मात्र त्याच्या यादीत नसतो. त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते, पैसेही वेगळे; बऱ्याच ठिकाणी साधारण १५० ते ४०० डॉलर. तोच पाइप खणून बदलायची वेळ आली तर खर्च सहज पाच आकड्यांत जातो, रस्ता फोडावा लागला तर आणखी वर. त्यामुळे तपासणी करावी की नाही, यावर वेळ घालवायला नको. खरा घोळ अर्धवट तपासणीचा आहे. 'लाइन ठीक आहे' अशी एक ओळ हातात येते आणि व्हिडिओ उघडून बघावं तर कॅमेरा ४० फुटांवरूनच मागे फिरलेला. लाइन असते ७५ फूट.

पाइप कोणाचा, हे आधी गावाच्या सीवर खात्याला विचारा. काही गावांत मालकाची जबाबदारी हद्दीपर्यंत, काही ठिकाणी थेट मेनच्या जोडापर्यंत, म्हणजे रस्त्याखालचा तुकडाही तुमचाच. सिअॅटलमध्ये मेनपर्यंत सगळी मालकाची, आणि तिथे दोन-तीन घरांची मिळून एक साइड सीवर (या पाइपचं तिथलं नाव) असणंही नवं नाही. तिथल्या पालिकेकडे बहुतेक घरांचं साइड सीवर कार्ड असतं, हाताने काढलेला नकाशा. तो ऑनलाइन बघता येतो. कॅमेरावाल्याला आधी तो पाठवा.

कॅमेरावाल्याकडून या गोष्टी आधीच कबूल करून घ्या. एक, व्हिडिओ अखंड हवा. निवडक फोटो चालणार नाहीत. दोन, पडद्यावर फुटांचा आकडा चालू हवा आणि शून्य कुठे धरलं ते बोलून किंवा लिहून नोंदवलेलं हवं. तीन, कॅमेरा मेनमध्ये पोचलेला दिसला पाहिजे. पोचल्याची खूण ओळखायला सोपी आहे: ४ इंची पाइपचा गोल अचानक संपतो, समोर मोठी पोकळी येते, पाणी कॅमेऱ्याच्या वाटेने पुढे न वाहता आडवं जाताना दिसतं. हे दिसलं नाही तर लाइन पूर्ण बघितलेली नाही, एवढंच समजा. चार, तपासणीच्या आधी निदान १०-१५ मिनिटं घरातले दोन-तीन नळ चालू ठेवलेले हवेत आणि कॅमेरा आत असतानाही पाणी सोडलेलं हवं. रिकाम्या घरातली कोरडी लाइन नेहमीच छान दिसते.

बिडकाम

पन्हाळ, चांगला धागा. पाइप कशाचा आहे यावर थोडं लिहितो, कारण व्हिडिओ बघताना डोळे कुठे लावायचे ते त्यावरच ठरतं.

बहुतेक जुन्या घरांत लाइन एकाच मालाची नसते. घराखाली बीड (कास्ट आयर्न), बाहेर ५ फुटांवर खापरी (भाजलेल्या मातीचा पाइप), मध्ये कधीतरी दुरुस्ती झाली असेल तिथे ८-१० फूट पीव्हीसी, मग पुन्हा खापरी. माल बदलतो तो प्रत्येक जोड थांबून बघायचा. सर्वाधिक दोष तिथेच निघतात, कारण दोन पाइपांचा बाहेरचा व्यास वेगळा असतो आणि नुसतं रबरी कपलिंग, ज्यावर स्टीलचा पत्रा नाही, ते मातीच्या वजनाने खचतं. मग एक तोंड वर, एक खाली. आत त्याची पायरी होते. त्या पायरीवर कागद अडकतो.

खापरी पाइप स्वतः शंभर वर्षं टिकतो. मरतो तो सांध्यात. जुन्या खापरीचे तुकडे २-३ फुटांचे, म्हणजे ६० फुटांत २० ते ३० सांधे. त्यांत भरलेलं सिमेंट भेगाळतं आणि झाडाची तंतुमुळं आत शिरतात. व्हिडिओत ती बहुधा वरच्या बाजूने किंवा कडेने लोंबताना दिसतात, आधी केसांसारखी, मग दाढीसारखी दाट. बारीक मुळं ही देखभालीची बाब. पण सांध्यापासून पुढे पाइपात उभी चीर गेली असेल, पाइपचा तुकडा सुटून मागची माती दिसत असेल, तर तो पाइप बदलायचाच.

बिडाचा पाइप तळातून गंजून खाल्ला जातो. आतल्या गंजाचे पापुद्रे दिसले की लोक घाबरतात, पण पापुद्रे खरवडता येतात. बघायचं ते तळाशी. तिथे काळी, खडबडीत, खोल पन्हळ पडली असेल तर तळ गेलेला आहे. खात्री करायची असेल तर कॅमेरा दोषाच्या पुढे नेऊन ठेवा आणि घरातून टॉयलेट फ्लश करा. पाणी कॅमेऱ्यापर्यंत आलंच नाही किंवा अगदी थोडं आलं, तर ते मध्येच जमिनीत जातंय. अशा पाइपवर साखळीची खरवड फिरवू देऊ नका. उरलासुरला पत्राही जातो.

१९४० ते १९७० च्या दशकांतलं घर असेल तर ऑरेंजबर्ग पाइपची शक्यता धरा. न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच नावाच्या गावावरून हे नाव आलं. लाकडाचा लगदा डांबरात मुरवून केलेला पाइप. काळा, सांधे जेमतेम दिसतात, आतल्या भिंतीला फोड येतात आणि गोल पाइप दबून अंड्यासारखा होतो. यात दुरुस्तीचा हिशोब करत बसू नका, बदलण्याचाच कोट घ्या. साध्या स्प्रिंगच्या यंत्राने तो साफ करायला गेलं तर पातं भिंतीतून आरपार जातं.

अंगणवेल

प्रश्न आहे. १९५८ चं घर, न्यू जर्सी. बाहेर क्लीनआउट, म्हणजे लाइन साफ करायचं झाकणाचं तोंड, दिसत नाही. एजंट म्हणतो छतावरच्या व्हेंटमधून (हवेसाठी वर काढलेला पाइप) कॅमेरा टाकतील. चालेल का?

बिडकाम

अंगणवेल, व्हेंट हा शेवटचा पर्याय. वरून येताना दोन-तीन वळणं लागतात, कॅमेऱ्याची काठी तिथेच अर्धा जोर गमावते आणि पुढची लांबी गाठता येत नाही. आधी तळघरात बघा. तुमच्या भागातल्या जुन्या घरांत रस्त्याकडच्या भिंतीजवळ जमिनीत हाउस ट्रॅप असतो. यू आकाराचा पाइप, त्यावर शेजारी-शेजारी दोन झाकणं. कॅमेरा ट्रॅपच्या वळणातून जात नाही, म्हणून रस्त्याकडचं झाकण उघडून तिथून आत घालायचा. झाकण पितळी आणि जाम असेल तर ते तोडून नवं बसवावं लागतं. तसं करायला विकणाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्या. नंतर घराकडचं झाकण उघडून घराखालचा भागही बघून घ्यायचा, तो बहुतेक वेळा राहून जातो.

ट्रॅपही नसेल तर तळमजल्यावरचं टॉयलेट काढून. परत बसवताना मेणाची नवी रिंग लागते, जुनी पुन्हा वापरायची नाही. हा खर्च कोटात धरला आहे का विचारा.

जाता जाता, न्यू जर्सीत जुन्या घरासाठी जमिनीत पुरलेल्या, घर गरम करायच्या तेलाच्या टाकीची तपासणीही त्याच दिवशी करून घ्या.

ओलावा

माझ्यापुढच्या रिपोर्टमध्ये असं वाक्य आहे: '५२ फुटांवर पाणी साचलेलं, कॅमेरा पाण्याखाली, ६१ फुटांवर पुन्हा वर. झोळ असण्याची शक्यता.' विकणारा म्हणतो १-२ इंच पाणी सगळ्याच लाइनींत असतं. काय समजायचं?

ढाळ-मोजणी

ओलावा, नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं झोळावरच होतात.

४ इंची लाइनला फुटाला पाव इंच ढाळ हवा. पुष्कळ ठिकाणचे नियम ३ इंच आणि त्यावरच्या पाइपला फुटाला १/८ इंच चालवून घेतात. म्हणजे ६० फुटांच्या लाइनचं एक टोक दुसऱ्यापेक्षा १५ इंच, निदान साडेसात इंच खाली हवं. माती खचली, खालचा भराव नीट ठोकला नव्हता, वरून ट्रक गेला, की मधला भाग खाली बसतो. तोच झोळ.

तुमच्या आकड्यांवरून झोळ ९ फुटांचा. खोली अशी काढा: कॅमेऱ्याचं डोकं साधारण सव्वा ते दीड इंच जाड असतं आणि तळाशी टेकून चालतं. भिंग निम्मं बुडालं तर पाऊण इंचाच्या आसपास पाणी. पूर्ण बुडून चित्र गढूळ हिरवट झालं तर दीड इंचाच्या वर. किती वर ते कॅमेरा सांगू शकत नाही. पाण्याचा पृष्ठभाग पाइपच्या छताला टेकल्यासारखा दिसला तर तिथे लाइन भरलेली आहे.

पण त्याआधी हा झोळच आहे का, ते पक्कं करा. पुढे ६५ फुटांवर मुळांचा झुपका असेल तर त्याच्यामागे पाणी तुंबतं आणि हुबेहूब झोळासारखं दिसतं. मेन भरून वाहत असेल तरीही तसंच. म्हणून पुढचा अडथळा काढायचा, १५ मिनिटं पाणी सोडायचं, नळ बंद करून ५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा कॅमेरा घालायचा. त्याच ५२ ते ६१ मध्ये पाणी उभं राहिलं तर झोळ. वाहून गेलं तर नाही.

विकणाऱ्याचं म्हणणं बरोबर नाही. नीट ढाळाच्या लाइनीत नळ बंद केल्यावर पाणी उभं राहत नाही. तरी प्रत्येक झोळ खणायचा नसतो. २-३ फुटांचा, भिंग निम्मं बुडेल एवढा, पीव्हीसीमधला, आत तेलकट थर नाही, अशासोबत लोक वर्षानुवर्षं राहतात. ९ फूट आणि भिंग पूर्ण पाण्याखाली, तर तिथे गाळ आणि चरबी बसणारच. शिवाय झोळाच्या तळाला काय आहे ते कॅमेऱ्याला दिसलेलंच नाही. त्या ९ फुटांत चीर असली तरी ती रिपोर्टमध्ये येणार नाही. जेटिंगवाल्याकडून (जोरदार पाण्याच्या झोताने लाइन साफ करणारा) पाणी खेचून घेऊन तेवढा भाग पुन्हा बघायला लावा.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. आतून लायनिंग केलं तरी झोळ तसाच राहतो, कारण अस्तर जुन्या पाइपच्याच आकारात बसतं. पाइप बर्स्टिंगही (जुना पाइप फोडत त्याच जागी नवा ओढणं) जुन्याच वाटेने जातं. झोळ फक्त खणून, ढाळ देऊन नवा पाइप टाकल्यानेच जातो. 'लायनिंगने सगळं होईल' असं कोणी म्हटलं तर ५२ ते ६१ चं काय, हे लेखी विचारा.

पन्हाळ

ढाळ-मोजणी, अडथळा काढून पुन्हा बघायचं हे फार महत्त्वाचं. त्याचीच उलटी बाजू : विक्रीच्या आठवडाभर आधी लाइन साफ करून घेतलेली असते. मुळं कापलेली, सगळं मोकळं. अशा वेळी सांध्यांकडे नीट बघा. पाइपच्या कडेला टोकं ताजी, पांढरी, सरळ कापलेली दिसतात. दोन वर्षं तिथे असलेल्या मुळांची टोकं काळपट असतात. लाइन शेवटची कधी आणि का साफ केली, हे विकणाऱ्याला लेखी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दर वर्षी साफ करावी लागत असेल तर तो निव्वळ देखभालीचा खर्च राहत नाही.

किनारा

कॅलिफोर्नियाच्या ईस्ट बेमध्ये घेणाऱ्यांसाठी. ओकलंड, एमरीव्हिल, अॅलमीडा, पीडमाँट, एल सेरिटो या भागांत ईस्ट बे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा खाजगी लॅटरलचा, म्हणजे घरापासून मेनपर्यंतच्या याच लाइनचा, नियम आहे. घर विकताना, १ लाख डॉलरवरचं बांधकाम करताना किंवा पाण्याच्या मीटरचा आकार बदलताना लाइन गळत नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते कॅमेऱ्यावर मिळत नाही. त्यांच्या निरीक्षकासमोर लाइन बंद करून हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाची चाचणी उतरावी लागते. व्हिडिओत धडधाकट दिसणारी खापरी या चाचणीत नापास होऊ शकते, कारण सांधे पाझरतात. पूर्ण लाइन नवी टाकली तर प्रमाणपत्र २० वर्षांचं, नाहीतर ७ वर्षांचं. विक्रीपूर्वी काम होत नसेल तर एस्क्रोमध्ये (व्यवहारातले पैसे सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताकडे) ४,५०० डॉलर ठेवून १८६ दिवसांची मुदत मिळते. ती मुदत घेतली तर काम कोण करणार, हे करारात स्पष्ट हवं. नाहीतर ते खरेदीदाराच्या गळ्यात येतं. ४,५०० मध्ये पूर्ण लाइन बदलून होईल असं गृहीत धरू नका.

फ्रीमाँट, सनीव्हेल या डिस्ट्रिक्टच्या सीवर हद्दीत नाहीत. तिथे तिथल्या सीवर खात्याला विचारा.

अंगणवेल

नवीन बांधकामाला, २०२३ च्या टाउनहाउसला लागतं का हे सगळं?

बिडकाम

लागतं. तिथे मुळं नसतात, पण काँक्रीटचा राबडा पाइपात ओतलेला असतो, तो तळाशी घट्ट बसतो. टाइल्सचा ग्राउट धुतलेलं पाणी, प्लायचे तुकडे, चाचणीसाठी लावलेला रबरी फुगा तसाच राहिलेला, भराव नीट न ठोकल्याने पहिल्या दोन पावसाळ्यांतच पडलेला झोळ. बिल्डरची वॉरंटी संपण्याआधी व्हिडिओ काढला तर दुरुस्ती त्याच्याकडून होते. टाउनहाउसला मात्र आधी घरमालकांच्या असोसिएशनची कागदपत्रं वाचा. लाइन कुठपर्यंत तुमची आणि कुठून सामाईक, ते त्यात असतं.

रेषा-खूण

सगळे लाइनच्या आत बघताहेत, मी जमिनीवरचं सांगते. कॅमेऱ्याच्या डोक्यात एक छोटा ट्रान्समीटर असतो, सॉन्ड. तो बहुतेक ५१२ हर्ट्झवर चालतो, कारण ही कमी वारंवारता बिडाच्या पाइपमधूनही बाहेर येते. वर लोकेटर फिरवून जागा आणि खोली कळते. दोष सापडला की कॅमेरा तिथेच थांबवून जमिनीवर रंगाची खूण करायला लावा आणि खोली लिहून घ्या. मग घराच्या दोन कोपऱ्यांपासून टेप लावून अंतर मोजा आणि टेपसकट फोटो काढा. रंग पावसाने जातो. आणि '५२ फूट' हा आकडा एकटा कामाचा नाही: काठी वळणात सैल पडते, शून्य कुठून धरलं यावर पाच फुटांचा फरक पडतो. ४ फूट खोलीवरचा दोष आणि ११ फूट खोलीवरचा दोष यांच्या खर्चात कितीतरी पट फरक, कारण खोल चराला भिंती कोसळू नयेत म्हणून आधार लावावे लागतात.

खणायच्या आधी ८११ ला फोन, म्हणजे जमिनीखालच्या गॅस, वीज वगैरे लाइनी खुणा करून दाखवतात. तो फुकट आहे आणि बंधनकारक आहे. पण घराच्या हद्दीतली सीवर लाइन ते सहसा दाखवत नाहीत, ती तुमच्या सॉन्डच्या खुणेवरूनच.

आता धोक्याचं. गॅसचा किंवा केबलचा प्लास्टिक पाइप जमिनीखालून आडवं भोक पाडून टाकताना कधीकधी सीवर लाइनच्या आरपार जातो. पाणी वर्षानुवर्षं त्याच्या खालून जात राहतं. मग एक दिवस लाइन तुंबते, कोणीतरी पात्याचं यंत्र घालतं आणि गॅसची नळी कापली जाते. १९७६ मध्ये विस्कॉन्सिनच्या केनोशात सीवरला छेदून गेलेल्या गॅसलाइनमुळे स्फोट झाला, माणसं गेली. व्हिडिओत वरच्या अर्ध्यात आडवी गेलेली पिवळी किंवा काळी गुळगुळीत नळी दिसली तर तिथे थांबा. काहीही कापायचं नाही, गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचं. लाइन तुंबलेली असेल तरीसुद्धा.

ओलावा

खूप मदत झाली. दुरुस्ती विकणाऱ्याकडून करून घ्यावी की पैसे कमी करून घ्यावेत?

ढाळ-मोजणी

माझं मत, पैसे कमी करून घ्या. विकणारा स्वस्तातलं करतो आणि त्याला क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पूर्ण करायची, घाई असते. त्याच्याकडूनच करून घ्यायचं ठरलं तर करारात हे लिहून घ्या: पालिकेचा परवाना, चर बुजवण्यापूर्वीची पालिकेची तपासणी, नव्या मालकाच्या नावे होणारी वॉरंटी, आणि काम झाल्यावर पाणी सोडून काढलेला अखंड व्हिडिओ. त्या व्हिडिओत नवे जोड दिसले पाहिजेत आणि घरातल्या सगळ्या शाखा उघड्या दिसल्या पाहिजेत. लायनिंग करताना अस्तर शाखांची तोंडं झाकून टाकतं, मग आतून रोबोच्या पात्याने ती कापून उघडतात. एक राहिलं तर त्या बाथरूमचं पाणी पहिल्याच दिवशी वर येतं. अर्धवट कापलं तर कडेची झालर राहते आणि सहा महिन्यांनी तिथे कागद अडकायला लागतो. अस्तराला पडलेल्या सुरकुत्याही बघा. तळाशी आडवी सुरकुती म्हणजे छोटा बांधच.

आणि साधी होम इन्शुरन्स पॉलिसी जमिनीतल्या झिजलेल्या पाइपचे पैसे देत नाही. सर्व्हिस लाइन (जमिनीतल्या पाइपसाठी) आणि सीवर बॅकअप (उलट घरात आलेल्या सांडपाण्यासाठी) अशी दोन वेगळी पुरवणी कलमं असतात. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टींसाठी आहेत, दोन्ही विचारा.

चौकट

पुण्यात ३५ वर्षं जुना बंगला घेताना यातलं काय लागू पडतं?

रेषा-खूण

चौकट, अमेरिकेत आणि भारतात मोठा फरक चेंबरचा. आपल्याकडे भारतात प्रत्येक वळणाला चेंबर असतो, म्हणून एका चेंबरपासून दुसऱ्यापर्यंत तुकड्या-तुकड्याने बघता येतं. तेवढ्या जुन्या बंगल्याला बहुधा ४ किंवा ६ इंची स्टोनवेअर पाइप, साधारण २ फुटांचे तुकडे, सिमेंटचे सांधे. ढाळाचा आपल्याकडचा ठोकताळा ४ इंचीला ४० ला १, ६ इंचीला ६० ला १.

कॅमेऱ्याच्या आधी दोन जुन्या चाचण्या करा. एका चेंबरमध्ये टॉर्च, दुसऱ्यात आरसा: पूर्ण गोल प्रकाश दिसला तर लाइन सरळ. चंद्रकोर दिसली तर खचलेली किंवा वाकलेली. दुसरी, पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिमी लहान गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाने सोडायचा, तो आपोआप खाली यायला हवा. अडला तर तिथे मुळं, सिमेंटचा गोळा किंवा खचलेला सांधा. मग त्याच तुकड्यात कॅमेरा घाला. कंपाउंडजवळ पिंपळ किंवा उंबर असेल तर तिथल्या चेंबरपासून सुरुवात.

चेंबरचं झाकण काढल्यावर निदान अर्धा तास उघडं ठेवायचं, वर वाकून तोंड घालायचं नाही. आणि खोल चेंबर किंवा सेप्टिक टाकीत 'जरा उतरून बघ' म्हणून माणसाला कधीही, कितीही पैसे घेऊन तयार असला तरी, उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की त्याचा वास येणंच बंद होतं आणि माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. वाचवायला उतरलेलाही तिथेच जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षणसाधनांशिवाय असं काम करून घेणं गुन्हा आहे, पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो घरमालकाला आणि सोसायटीलाही लागू आहे. मृत्यू झाल्यास कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. जेटिंगची गाडी आणि काठीवरचा कॅमेरा दोन्ही आता पुण्यात भाड्याने मिळतात.

चौकट

आरशाची चाचणी उद्याच करतो. तीन चेंबर आहेत, मधल्याचं झाकण फरशीखाली गेलंय.

रेषा-खूण

मग आधी ती फरशी काढायला लावा, व्यवहाराच्या आधी आणि विकणाऱ्याच्या खर्चाने. झाकलेल्या चेंबरच्या दोन्ही बाजूंचा तुकडा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.